थर्मामीटर कुठे ठेवला होता, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की आपल्या सातारा आवृत्तीत महाबळेश्वरच्या थंडीची बातमी ठरलेली. वेण्णा तलावाची बोटिंगची जेटी पांढरी झालेली, गाडीच्या टपावर हिमकण, ते नखाने खरवडणारा एखादा हौशी पर्यटक, आणि वर ठळक अक्षरांत ‘पारा शून्यावर’. त्याच अंकात आतल्या पानावर हवामानाचा तक्ता असतो. त्यात महाबळेश्वरचं किमान तापमान 10, 11, कधी 12 अंश असं छापलेलं असतं. एकाच गावाची, एकाच पहाटेची दोन तापमानं, मध्ये दहा-बारा अंशांचं अंतर, आणि त्याबद्दल बातमीत एक ओळ नाही.

बातमी खोटी आहे असं मी म्हणत नाही. दव गोठतं. मी दर हिवाळ्यात पाहते, आमच्या बांधावरच्या गवतावर चालताना पायाखाली कुरकुरतं. वेधशाळेचा आकडाही खराच असतो. माझं म्हणणं एवढंच की थर्मामीटर कुठे ठेवला होता हे सांगितल्यावाचून त्या शून्याचा वाचकाला काही उपयोग नाही, आणि शेतकऱ्याला तर उलट त्रास आहे.

शेतकऱ्याला का, ते सांगते. आमची थोडी स्ट्रॉबेरी आहे, वेण्णेच्या खोऱ्यात, तलावाकडून लिंगमळ्याकडे उतरणाऱ्या अंगाला. मागच्या हिवाळ्यात शेजारचे भाऊजी संध्याकाळी पेपर हातात घेऊनच आले. “वहिनी, पेपरात शून्य आलंय. आज रात्री स्प्रिंकलर चालवू का? पानं धुतली की दव गोठत नाही म्हणत्यात.” मी म्हटलं, रात्रभर चालवणार असाल तर चालवा, नाहीतर हातच लावू नका. त्यांनी दहाला मोटर सुरू केली. शेतीपंपाची थ्री-फेज वीज मध्यरात्रीनंतर गेली ती सकाळपर्यंत आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाफ्यात जेवढी फुलं काळी पडली होती, तेवढी पाणी न मारलेल्या आमच्या वाफ्यातही नव्हती. स्ट्रॉबेरीच्या फुलाला गारठा लागला की पाकळ्या पांढऱ्याच राहतात, मधला पिवळा भाग तेवढा काळा होतो. त्या फुलाला फळ धरत नाही. भाऊजी म्हणाले, पाण्यानंच घात केला. पाण्याने केला हे खरं, पण कसा केला ते समजून घेतलं तर पुढच्या वेळी तेच पाणी उपयोगीही पडेल.

मी शेतकरी घरातली असले तरी नोकरी केली ती वाईच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून. कॅलरीमीटर घासून ठेवणं, थर्मामीटर मोजून देणं आणि मोजून परत घेणं, हे माझं काम. न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमाचा प्रयोग मी इतक्या बॅचेसना मांडून दिला आहे की त्याचा आलेख झोपेतही काढू शकेन. तांब्याच्या भांड्यात 80 अंशांचं पाणी, दर मिनिटाला वाचन, पाणी जितकं गरम तितकं भराभर निवतं. दरवेळी कुणीतरी मुलगा झाकण ठेवायला विसरायचा आणि त्याचा आलेख इतरांपेक्षा कितीतरी तिरका यायचा. सर रागवायचे. मला मात्र तो आलेख आवडायचा, कारण उघड्या पाण्याची उष्णता सगळ्यात जास्त कुठून जाते ते त्यात दिसायचं. 80 अंशांच्या उघड्या पाण्यावरून वाफेवाटे जी उष्णता जाते, ती हवेला नुसतं लागून जाणाऱ्या उष्णतेच्या दसपट भरते. हा झाकणाचा मुद्दा पुढे भाऊजींच्या वाफ्यात लागणार आहे.

निवृत्तीनंतर आले ती काही थर्मामीटर स्वतःच्या पैशाने घेऊनच. साधे काचेचे, उणे 10 ते 110 अंशांचे. जेटीवर एका पहाटे तीन लावले. एक फळीवर आडवा ठेवला, एक तिथेच छातीच्या उंचीवर पुठ्ठ्याच्या आडोशाला टांगला, एक दोरीने हातभर खोल पाण्यात सोडला. फळीवरचा उणे 1 दाखवत होता, टांगलेला 5 आणि पाण्यातला 16. जागा एक, वेळ एक, आकडे तीन. यांतला ‘महाबळेश्वरचा पारा’ कोणता?

माझं उत्तर असं की थर्मामीटर नेहमी स्वतःचं तापमान सांगतो. हवेचं सांगायला लावायचं असेल तर तशी सोय करावी लागते. उघड्यावर आडवा ठेवलेला थर्मामीटर फळीइतकाच आकाशाला उष्णता देत असतो. काच हे काम फार चांगलं करते, म्हणून तो हवेपेक्षा थंड होतो आणि ते थंडपण इमानदारीने दाखवतो. हे टाळायला वेधशाळेत पांढऱ्या रंगाची, पट्ट्यापट्ट्यांची लाकडी पेटी असते, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर. आतल्या थर्मामीटरला आकाश दिसत नाही, हवा मात्र खेळती राहते. ही पेटी योजली ती थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश माणसाने, आणि त्याचा धंदा होता दीपगृहं बांधण्याचा. कुणाच्या हातून काय होईल सांगता येत नाही. तर आपल्या तक्त्यातला 11 हा अशा पेटीतला असतो, तोही गावात, उंचावर. बातमीतला शून्य असतो खोलगट जागेतल्या उघड्या फळीचा किंवा गाडीच्या टपाचा. हवामान खातं स्वतःही काही ठिकाणी गवताच्या टोकाशी वेगळा थर्मामीटर ठेवून जमिनीलगतचं किमान तापमान मोजतं आणि वेगळंच लिहितं. दोन्ही आकडे एका रकान्यात घालत नाही.

आता फळी शून्याखाली जाते कशी? प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार उष्णता बाहेर फेकत असते, अंधारातही. शून्य अंशाला एक चौरस मीटर पाणी किंवा पान साधारण 315 वॅट फेकतं. वर ढग असतील तर ते जवळजवळ तेवढीच परत पाठवतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर वरून येणारा परतावा कमी पडतो आणि चौरस मीटरमागे 70 ते 100 वॅटची तूट रात्रभर चालू राहते. आपण 80 धरू. म्हणून ढगाळ रात्री हिमकण दिसत नाहीत, आणि झाडाखाली लावलेल्या गाडीवरही दिसत नाहीत. महाबळेश्वरला येणाऱ्या वाचकांनी हे करून बघावं. दोन गाड्या असतील तर एक सिल्व्हर ओकखाली लावा आणि एक उघड्यावर. दोन्हींच्या भोवतीची हवा तीच असते. एकीला वर पानं दिसतात आणि दुसरीला आकाश, फरक तेवढाच.

वाराही बघावा लागतो. झुळूक असेल तर वरची उबदार हवा खाली येऊन पानांना लागते आणि तूट भरून निघते. वारा पडला की थंड पानांना लागून थंड झालेली हवा जड होते आणि उताराने खोलगट भागाकडे सरकते. आमचं खोरं नेमकं तसं आहे. वर बाजारपेठेत स्वेटरवर भागतं तेव्हा आमच्याकडे कानटोपी लागते.

लोकांच्या डोक्यात मात्र उलटंच बसलेलं आहे: तलावाचं पाणी गार, म्हणून त्याच्या काठावर बर्फ होतो. मी जेटीवर थर्मामीटर सोडत होते तेव्हा पुण्याच्या एका काकांनी मला हे समजावूनही दिलं. मी त्यांना पाण्यात हात घालायला सांगितला. त्यांनी घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. त्या पहाटे तिथली सगळ्यात उबदार वस्तू तो तलावच होता, 16 अंशांचा. काठाला तो उष्णता देत असतो. काठावर हिमकण जास्त दिसतात कारण जागा खोलगट आहे, डोक्यावर झाडं नाहीत आणि हवेला बाष्प पुरवायला पाणी शेजारीच आहे.

मग 80 वॅटची तीच तूट तलावालाही असताना तो का गोठत नाही? हा हिशोब सोपा आहे आणि मला तो फार आवडतो. उष्णता जाते पृष्ठभागावरून, पण तापमान किती उतरणार हे त्या पृष्ठभागामागे किती पाणी आहे त्यावर ठरतं. 80 वॅट म्हणजे सेकंदाला 80 ज्यूल उष्णता, आणि एक किलो पाणी एक अंशाने निववायला सुमारे 4.2 किलोज्यूल (4,200 ज्यूल) काढून घ्यावे लागतात. स्ट्रॉबेरीच्या पानात चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास पाणी. हवेकडून काहीच मदत मिळाली नाही तर ते पान मिनिटाला चार-साडेचार अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात हवा मदत करते, म्हणून ते हवेपेक्षा चार-सहा अंश खाली जाऊन थांबतं. परातीत दोन सेंटिमीटर पाणी घेतलं तर ते तासाला साडेतीन अंशांनी उतरेल. आणि एक मीटर खोल पाणी? 12 तासांच्या अख्ख्या रात्रीत 0.8 अंश. तीन मीटर खोल असेल तर पाव अंशाच्या आसपास. वाफेवाटे जाणारी उष्णता धरून हे दुप्पट केलं तरी दुसऱ्या दिवशीचं ऊन ते भरून काढतं.

शिवाय वरचा थर थंड झाला की जड होऊन तळाला जातो आणि खालचं उबदार पाणी वर येतं. ही उलथापालथ 4 अंशांपर्यंत चालते, कारण पाणी सगळ्यात जड असतं ते 4 अंशांना. म्हणजे वरचा पापुद्रा गोठायचा तर आधी तळापासून वरपर्यंतचं सगळं पाणी 4 अंशांवर यायला हवं. साताऱ्याच्या राजांनी, आप्पासाहेब महाराजांनी, हा तलाव 1842 मध्ये बांधला. आमच्याकडच्या हिवाळ्यात त्याचं पाणी 4 अंशांच्या जवळपासही येत नाही. तेव्हा ‘वेण्णा तलाव गोठला’ अशी फोटोओळ कृपया देऊ नये. गोठते ती जेटी.

पहाटे तलावावर जो धूर तरंगताना दिसतो, तोही याच व्यवहारातला. 16 अंशांच्या पाण्यावरून उठलेलं बाष्प 5 अंशांच्या हवेत शिरतं, हवेला तेवढं बाष्प पेलवत नाही, बारीक थेंब होतात आणि ते आपल्याला दिसतात. त्या वेळी तलाव हवेला नुसतं लागून जितकी उष्णता देतो, त्याच्या साधारण दीडपट वाफेवाटे देतो. खाली साखर कारखान्यांच्या कुलिंग टॉवरवर पांढरं दिसतं तेही पाणीच. तिथे शंभर लिटरमधलं एक लिटर उडून जातं आणि उरलेलं 99 लिटर जवळपास 6 अंशांनी निवतं. एक लिटरच्या बळावर 99 लिटर निवतात, यावरून वाफ किती उष्णता घेऊन जाते याचा अंदाज यावा.

दव म्हणजे याच्या उलटा प्रवास. हवेतलं बाष्प थंड पानावर पाणी होऊन बसतं आणि घेतलेली उष्णता परत देतं, किलोला सुमारे 2,500 किलोज्यूल. रात्रीत 0.2 मिलिमीटर दव पडलं तर त्याने पानाला चौरस मीटरमागे अर्धा मेगाज्यूल, म्हणजे 500 किलोज्यूल, मिळतो. रात्रभराची तूट साडेतीन मेगाज्यूलची, म्हणजे सातवा हिस्सा दवाने भरून दिला. पूर्ण वाचवत नाही, पण वेळ काढून देतं. म्हणूनच भरपूर दवाच्या रात्रीपेक्षा कोरड्या रात्रीची आम्हाला जास्त भीती. आधी दव पडून मग गोठलं तर काचेसारखे मणी दिसतात. हवा फारच कोरडी असेल तर थेंब न होता बाष्प सरळ पांढऱ्या सुया होऊन बसतं. आपल्या फोटोग्राफरने जवळून घेतलेल्या फोटोंत मला दोन्ही दिसले आहेत. फोटो सुंदर असतात, त्याबद्दल तक्रार नाही.

हे ज्ञान नवं नाही. लंडनच्या विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने 1814 मध्ये दवावर निबंध छापला. त्याने सारख्या वजनाचे लोकरीचे पुंजके घेऊन एक उंच बसवलेल्या फळीवर आणि एक तिच्या खाली ठेवला आणि सकाळी वजन केलं. वरचा जड भरला, कारण खालच्याला आकाश दिसत नव्हतं. लोकर आणि एक तराजू एवढ्यावर! आमच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग अभ्यासक्रमात का नाही, असं मला नेहमी वाटत आलं.

त्याहून जवळची गोष्ट आपल्याच देशातली. 1775 मध्ये रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने अलाहाबादकडे बर्फ कसा करतात याची हकिकत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. उघड्या मैदानात दोनेक फूट खोल खड्डे घ्यायचे, तळाला ऊस नाहीतर मक्याची वाळलेली ताटं जाड अंथरायची, त्यावर झिलई न दिलेली, ताटलीसारखी उथळ मातीची भांडी ओळीने मांडायची आणि संध्याकाळी उकळून निववलेलं पाणी ओतायचं. सूर्य उगवायच्या आत बर्फ गोळा करायचा. तिथली हवा त्या रात्री शून्याला पोचलेली नसे. लोकांना वाटे की मातीच्या भांड्यातून पाणी झिरपून उडतं म्हणून बर्फ होतो, माठासारखं. वेल्सने आपल्या निबंधात दाखवून दिलं की मुख्य काम आकाशाकडे निघून जाणाऱ्या उष्णतेचं आहे. वाळल्या ताटांचं काम जमिनीची ऊब वर येऊ न देण्याचं. पाणी उथळ, खालून ऊब बंद, वर उघडं आकाश.

आता हेच आमच्या वाफ्यात बघा. पान म्हणजे उथळ पाणीच. जिथे अजून रोपाभोवती वाळलं गवत किंवा पेंढा अंथरतात, तिथे आपण जमिनीची ऊब तोडून टाकतो, आणि वर आकाश उघडंच. बर्फ करण्याची अलाहाबादची कृती आपण स्ट्रॉबेरीवर करतो आणि मग नशिबाला बोल लावतो. गवत फळ मातीला लागू नये म्हणून घालतात हे मला माहीत आहे, त्याला उपयोग आहे. पण निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री त्यावर क्रॉप कव्हर ओढायलाच हवं. तेही ऊन उतरायच्या आत, जमिनीत दुपारची ऊब असताना. कव्हर पातळ असलं तरी चालतं. पानाला आकाशाऐवजी कापड दिसलं पाहिजे, आणि जमेल तर ते पानाला टेकू नये.

दुपारी जमिनीला पाणी देणंही चांगलं. ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब साठवते आणि रात्री खालून वर लवकर पोचवते. भुसभुशीत कोरड्या मातीत हवेच्या पोकळ्या असतात, ती ऊब अडवून धरते. विहिरीचं पाणी आमच्याकडे हिवाळ्यातही 19-20 अंशांचं लागतं. हाताला कोमट वाटतं, कारण हवा गार झालेली असते.

आणि आता भाऊजींचा स्प्रिंकलर. पाणी गोठताना उष्णता देतं, किलोला सुमारे 334 किलोज्यूल. जुन्या भाषेत ग्रॅमला 80 कॅलरी. त्यामुळे पानावर सतत पाणी पडत राहिलं आणि सतत गोठत राहिलं तर त्या बर्फाखालचं पान शून्याच्या आसपासच राहतं, आणखी खाली जात नाही. थंड देशांत याच तत्त्वावर फळबागा वाचवतात. पण तेच पाणी उडून जाताना किलोला 2,500 किलोज्यूल घेऊन जातं. भागाकार करून पाहा, साडेसात पट. साडेसात ग्रॅम पाण्याने गोठून जे दिलं, ते एका ग्रॅमने उडून परत नेलं. मोटर चालू होती तोवर भाऊजींचं पीक नफ्यात होतं. वीज गेली, वरून पाणी यायचं थांबलं, पानं ओलीच राहिली आणि पूर्वेकडची कोरडी झुळूक लागली. ओलं पान कोरड्या पानापेक्षा खाली गेलं. माझ्या झाकण विसरलेल्या विद्यार्थ्याचा आलेख भाऊजींच्या फुलांवर उमटला होता.

म्हणून माझा सल्ला: पाणी फवारायचं तर सूर्य वर येऊन बर्फ आपोआप वितळू लागेपर्यंत मोटर बंद होता कामा नये. विजेची किंवा जनरेटरची खात्री नसेल तर फवारूच नये. कधी सुरू करायचं हे ठरवायला साधा थर्मामीटर पुरत नाही. बल्बभोवती ओली वात गुंडाळलेला दुसरा लागतो. हवा कोरडी असेल तर साधा 5 दाखवत असताना ओला शून्यावर आलेला असू शकतो, आणि फवारलेलं पान ओल्याच्या मागे जातं, साध्याच्या नाही. ओला शून्याच्या वर आहे तोवरच मोटर सुरू करायची.

आता तुम्हीच सांगा, ‘पारा शून्यावर’ एवढ्या बातमीवर शेतकऱ्याने यातलं काय ठरवावं? तो शून्य जेटीच्या फळीचा असेल तर आमच्या वाफ्यातली पानं कदाचित उणे 1 ला असतील. तो शून्य खरोखर छातीच्या उंचीवरच्या हवेचा असेल तर पानं उणे 5 च्या आसपास गेली असतील आणि कव्हरनेही भागणार नाही. बातमी तीच, नुकसान वेगळं. उलट तक्त्यातला 11 वाचून एखादा नवखा माणूस कव्हर न टाकताच झोपेल, आणि खोलगट वाफ्यातली त्याची फुलं सकाळी काळी झालेली असतील.

शून्य लिहिलं की शनिवार-रविवारची हॉटेलं भरतात, हे मला समजतं. आमची स्ट्रॉबेरीही त्याच गर्दीत रस्त्याकडेला खपते, तेव्हा मी त्या शून्याच्या विरोधात नाही. त्याच्या शेजारी तीन गोष्टी छापा: माप जमिनीपासून किती उंचीवर घेतलं, उघड्यावर की आडोशाला, आणि नेमकं कुठे. खाली वेधशाळेचा त्याच पहाटेचा आकडा. शेतीच्या पानासाठी जमलं तर ढग होते का, वारा होता का, ओल्या थर्मामीटरचं वाचन किती. चार ओळींत बसतं, फोटो लहान करावा लागणार नाही.

बातमीदाराने माप स्वतः घ्यायचं ठरवलं तर सूर्योदयाच्या जरा आधी यावं, कारण ऊन येईपर्यंत तूट चालूच असते आणि सगळ्यात कमी आकडा तेव्हाच मिळतो. फोनमध्ये दिसणारं तापमान लिहू नये, ते इथल्या फळीचंही नसतं आणि इथल्या हवेचंही नसतं. थर्मामीटर माझ्याकडे जादाचे आहेत, मागितले तर देईन. मोजून देईन आणि मोजून परत घेईन, ती सवय जात नाही.

कळावे,
आपली एक वाचक
निवृत्त प्रयोगशाळा सहायक, ता. महाबळेश्वर, जि. सातारा